जस्ताला धरणारा गंधक

कॅप्टोप्रिलची बॅच लागली की आमच्या सेक्शनची मंडळी कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसत. तसा नियम कोणी केला नव्हता, पद्धत आपोआप पडून गेली होती. थायोॲसिटिक ॲसिडचा वास कपड्यांत, केसांत, घड्याळाच्या पट्ट्यात शिरतो आणि दोनदा साबण लावला तरी निघत नाही. रायगड जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, औषधांचा मूळ माल बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. पुष्कळ औषधं हाताखालून गेली. पण आजही कोणी विचारलं तर जिच्यावर मी तासभर बोलू शकेन अशी गोष्ट एकच, आणि ती कॅप्टोप्रिल या ब्लडप्रेशरच्या औषधाची. या रेणूत उगाच काहीही नाही. त्यातला प्रत्येक अणू तिथे का आहे हे सांगता येतं. त्यातही गंधकाचा अणू तिथे का आहे, ते कारण मला सगळ्यांत सुंदर वाटतं.

आधी ब्लडप्रेशरबद्दल थोडं. आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन नावाचा प्रथिनाचा एक लहानसा तुकडा तयार होतो. दहा अमिनो आम्लांची साखळी. या अवस्थेत ती जवळपास निरुपद्रवी असते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, विशेषतः फुप्फुसांत, एक एन्झाइम बसलेलं असतं. ते या साखळीच्या शेवटची दोन अमिनो आम्लं कापून टाकतं. उरलेली आठांची साखळी मात्र जबरदस्त असते. ती रक्तवाहिन्या आवळते, शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते, आणि रक्तदाब चढतो. कापाकापी करणाऱ्या या एन्झाइमला एसीई म्हणतात. अमेरिकेत लिओनार्ड स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५६ मध्ये घोड्याच्या रक्तात शोधलं. एसीईच्या पोटात, जिथे प्रत्यक्ष काप पडतो त्या जागी, जस्ताचा एक अणू बसलेला आहे. हा जस्ताचा अणू लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

एसीईला रोखणारं पहिलं द्रव्य माणसाला सापडलं ते सापाच्या विषात. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे, आपल्या घोणस-फुरशांच्याच कुळातला. त्याच्या विषाचा अभ्यास करताना साओ पावलोमधल्या मॉरिसियो रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांना १९४० च्या दशकाच्या शेवटी ब्रॅडिकायनिन हे द्रव्य सापडलं. ते आपल्याच रक्तातून सुटतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे रक्तदाब कोसळतो. पुढे रिबेराओ प्रेतो इथे सर्जिओ फेरेरा यांनी दाखवलं की त्याच विषात आणखी काही आहे, ज्याच्यामुळे ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढतो आणि जास्त वेळ टिकतो. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि तो अर्क घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले.

तिथे वाय. एस. बखले काम करत होते. त्यांचा १९६८ चा निबंध मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा आडनावापाशीच थांबले होते. कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कात अँजिओटेन्सिनची कापणी कशी होते ते त्यांनी तपासलं, आणि फेरेरांच्या विषाच्या अर्काने ही कापणी थांबते हे दिसलं. मग उलगडा होत गेला. ब्रॅडिकायनिनची विल्हेवाट लावणारं एन्झाइम आणि अँजिओटेन्सिन कापणारं एन्झाइम ही दोन नव्हेतच, ते एकच एसीई आहे. एका हाताने ते रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य तयार करतं आणि दुसऱ्या हाताने सैल करणारं द्रव्य नष्ट करतं. त्याला रोखलं तर दोन्ही बाजूंनी रक्तदाब उतरेल. या कहाणीत फेरेरांचं नाव पुष्कळदा ओझरतं घेतलं जातं, ते मला पटत नाही. त्यांचं काम नसतं तर पुढे ज्या कंपनीला पेटंट मिळालं, तिला पेटंट घेण्याजोगं काही हाती लागलं असतं का, याची मला शंका आहे.

ती कंपनी म्हणजे न्यू जर्सीतली स्क्विब. वेन तिचे सल्लागार होते आणि विषाचा हा धागा त्यांनीच तिथे पोचवला. मिगेल ओंडेटी हे मूळचे अर्जेंटिनाचे रसायनतज्ज्ञ आणि डेव्हिड कशमन हे जीवरसायनतज्ज्ञ, अशी जोडी कामाला लागली. ओंडेटींनी विषातले एसीईला रोखणारे तुकडे वेगळे केले आणि प्रयोगशाळेत बनवले. त्यांतला नऊ अमिनो आम्लांचा एक, टेप्रोटाइड, माणसांवर वापरून पाहिला आणि रक्तदाब खरोखर उतरला. अडचण एकच होती, पण मोठी. पोटातून घेतला तर हा तुकडा बाकी प्रथिनांसारखा पचून जातो. सुईशिवाय गत्यंतर नाही. ब्लडप्रेशरची औषधं माणसं वर्षानुवर्षं घेतात, रोज सुई कोण टोचून घेणार?

तेव्हा गोळीने घेता येईल असा छोटा रेणू हवा होता. कशमन यांनी एसीई मोजायची सोपी, भरवशाची चाचणी बसवली होती आणि तिच्यावर कंपनीच्या साठ्यातले सुमारे २,००० पदार्थ तपासून झाले होते. हाती काही आलं नाही. काम जवळजवळ थांबलं होतं. मार्च १९७४ मध्ये दोघांच्या हाती बायर्स आणि वोल्फेंडेन यांचा एक शोधनिबंध आला. तो एसीईबद्दल नव्हताच. कार्बॉक्सिपेप्टिडेज ए हे स्वादुपिंडातलं पचनाचं एन्झाइम, त्याला बेन्झाइलसक्सिनिक ॲसिड हा साधा, लहानसा रेणू घट्ट रोखतो, एवढंच त्यात म्हटलं होतं. पण याही एन्झाइमच्या पोटात जस्त आहे आणि तेही साखळी टोकापासूनच कापतं. फरक इतकाच की ते टोकाचं एक अमिनो आम्ल काढतं आणि एसीई दोन.

इथे या दोघांनी जे केलं ते मी आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक केमिस्टला सांगत असे. एसीईचा आकार तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता. कार्बॉक्सिपेप्टिडेजचा मात्र ठाऊक होता, विल्यम लिप्सकॉम यांच्या गटाने तो १९६० च्या दशकात क्ष-किरणांनी उलगडला होता. त्यावरून ओंडेटी आणि कशमन यांनी एसीईची आतली जागा कागदावर कल्पनेने काढली. एका बाजूला ऋणभार धरणारी जागा, दुसऱ्या बाजूला जस्त, मध्ये एका अमिनो आम्लापुरतं जास्तीचं अंतर. मग त्या जागेत बसेल असा रेणू रचायला घेतला. शेवटी प्रोलिन हे अमिनो आम्ल ठेवलं, कारण सापाच्या विषातले तुकडेही प्रोलिनवरच संपतात. प्रोलिनला सक्सिनिक ॲसिड जोडलं, म्हणजे दुसऱ्या टोकाचा कार्बॉक्सिल गट जस्तापर्यंत पोचेल.

असा सक्सिनिल-प्रोलिन तयार झाला. एसीईचं काम निम्म्यावर आणायला तो ३३० मायक्रोमोलर इतका लागत होता. औषध म्हणून ही ताकद अगदीच फिकी. पण तो नेमका एसीईलाच रोखत होता, बाकीच्यांना नाही. म्हणजे कागदावरचं चित्र बरोबर होतं. साखळीत योग्य जागी एक मिथाइल गट बसवल्यावर आकडा २२ वर आला. चांगली प्रगती, तरीही गोळीपासून दूर.

आणि मग त्यांनी जस्ताकडच्या टोकाचा कार्बॉक्सिल काढून तिथे गंधक बसवला. हायड्रोजन जोडलेला गंधक, ज्याला आम्ही थायॉल म्हणतो. आपल्या शरीरातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या टोकाला असतो तोच गट. गंधकाची आणि जस्ताची ओढ भूगर्भातही दिसते. जस्ताचं मुख्य खनिज हे जस्त आणि गंधक यांचंच संयुग आहे, राजस्थानातल्या झावरच्या खाणीतून शतकानुशतकं तेच काढलं जात होतं. प्रथिनांच्या आतही जस्ताचा अणू पुष्कळदा सिस्टीनच्या गंधकानेच धरून ठेवलेला असतो. ही ओढ त्यांनी कामाला लावली. आकडा ३३० वरून थेट ०.२० मायक्रोमोलरवर उतरला. त्यावर पुन्हा तो मिथाइल गट बसवला तेव्हा ०.०२३. पहिल्या रेणूपेक्षा सुमारे चौदा हजार पट ताकद, आणि रेणू जेमतेम दोन तुकड्यांचा: गंधकाचं टोक असलेली छोटी साखळी आणि तिला जोडलेलं प्रोलिन. हाच कॅप्टोप्रिल. १९७७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याची माहिती आली, १९८१ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि १९९९ मध्ये कशमन व ओंडेटी यांना लास्कर पुरस्कार मिळाला. माणसाच्या एसीईचं खरं चित्र क्ष-किरणांनी उलगडलं ते २००३ मध्ये, रामनाथन नटेश आणि के. रवी आचार्य यांच्या गटाकडून. तोवर या कुळातली औषधं जगभर कोट्यवधी लोकांच्या पोटात जाऊन आली होती.

आता बनवण्याकडे येते, कारण गंधकाचा स्वभाव तिथे कळतो. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे परदेशी रेणू स्वतःच्या पद्धतीने बनवायला भारतीय कारखान्यांना वाव होता आणि माझ्या पिढीतले केमिस्ट यातच घडले. कॅप्टोप्रिलची सुरुवात मेथाक्रिलिक ॲसिडपासून होते. त्यावर थायोॲसिटिक ॲसिड सोडलं की गंधक आपणहून जागेवर जाऊन बसतो. पण तो उघडा नसतो, त्याच्यावर ॲसिटाइलचं झाकण असतं. हे झाकण मुद्दाम ठेवलेलं असतं. उघडा थायॉल पुढच्या पायऱ्यांत टिकत नाही, भलतीकडेच जाऊन चिकटतो.

मग या आम्लाचं क्लोराइड करायचं आणि ते बर्फासारख्या थंड, अल्कलीयुक्त पाण्यात विरघळवलेल्या प्रोलिनमध्ये थेंब थेंब सोडायचं. इथे सगळा खेळ पीएचचा. एका बाजूने क्लोराइड पडतंय, दुसऱ्या बाजूने कॉस्टिक, आणि मीटरच्या काट्यावरून नजर हलवायची नाही. पीएच खाली गेला तर प्रोलिन काम करत नाही, वर गेला तर क्लोराइड पाण्यातच मरतं आणि गंधकावरचं झाकणही सैल व्हायला लागतं.

दुसरी अडचण आकाराची. त्या मिथाइल गटामुळे रेणूचे दोन प्रकार तयार होतात. उजव्या आणि डाव्या पायाच्या चपलांसारखे ते दिसायला एकच, पण एसीईच्या जागेत नीट बसतो तो एकच. दुसरा सुमारे शंभर पटींनी कमजोर. मूळ पद्धतीत डायसायक्लोहेक्झिलअमाइनचा क्षार करून हवा तो प्रकार स्फटिकरूपात वेगळा काढत. द्रावण हळूहळू निववायचं, घाई केली की दुसराही प्रकार सोबत खाली येतो. आमच्या जुन्या ऑपरेटरना रिॲक्टरच्या काचेतून स्फटिकांची चमक बघून कळायचं की निववणं बरोबर चाललंय की नाही. त्यांच्या त्या नजरेला मी कुठल्याही उपकरणाइतकंच मानते.

शेवटी झाकण काढायचं. अमोनिया किंवा कॉस्टिकने ॲसिटाइल निघून जातं आणि गंधक उघडा पडतो. इथून पुढे हवा हा शत्रू. ऑक्सिजन मिळाला की दोन रेणूंचे गंधक एकमेकांना धरतात, डायसल्फाइड तयार होतं, आणि जस्ताला धरायला गंधक मोकळा राहतच नाही. म्हणून सगळं काम नायट्रोजनखाली. वाळवणं व्हॅक्यूममध्ये. बाहेर जाणारी हवा हायपोक्लोराइटच्या स्क्रबरमधून. भांडी धुवायलाही तेच, कारण ब्लीचने गंधकाचं ऑक्सिडेशन होतं आणि वास मरतो.

माल चांगला आहे की नाही हे कळायला आयोडिनची एक साधी चाचणी होती. मला ती फार आवडायची. नमुना पाण्यात विरघळवून कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचा, थोडा स्टार्च टाकायचा आणि ब्युरेटमधून आयोडिन सोडायचं. तपकिरी थेंब फ्लास्कमध्ये पडतो आणि पडल्या पडल्या नाहीसा होतो. उघडा गंधक तो गिळून टाकतो. पुन्हा थेंब, पुन्हा नाहीसा. मोकळा गंधक संपला की पुढच्या एकाच थेंबाला सगळं द्रावण निळं होतं. तोवर किती आयोडिन गेलं त्यावरून काम करू शकणारा गंधक किती शिल्लक आहे ते कळतं. त्या काही मिनिटांत रेणूतला तो एक अणू डोळ्यांनी मोजल्यासारखं वाटायचं. पुढे एचपीएलसी आली, अचूकता वाढली, पण नव्या मुलांना मी आयोडिनची चाचणी करायला लावलीच.

गंधकाचे गुण तसे त्याचे दोषही औषधात उतरले. सुरुवातीला कॅप्टोप्रिल मोठ्या मात्रेत, फार आजारी रुग्णांना दिलं गेलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं, काहींच्या तोंडाची चव गेली. याचं खापर थायॉलवर फुटलं. पेनिसिलामाइन या गंधकाच्याच दुसऱ्या औषधानेही असेच त्रास होत होते, त्यामुळे संशयाला आधार मिळाला. मात्रा कमी केल्यावर त्रास पुष्कळ कमी झाला. तोवर मर्क कंपनीत आर्थर पॅचेट यांच्या गटाने गंधकाशिवायचा मार्ग काढला होता. जस्ताकडे पुन्हा कार्बॉक्सिलच ठेवला, पण बाकी रेणू असा वाढवला की पकड इतर ठिकाणी घट्ट झाली. त्यातून एनालाप्रिल आणि लिसिनोप्रिल आले. कॅप्टोप्रिल दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं, नवी औषधं एक-दोनदा पुरतात. म्हणून बाजार त्यांच्याकडे गेला. हे व्हायलाच हवं होतं, रुग्णाची सोय आधी. पण एनालाप्रिलचा पाया कॅप्टोप्रिलने घातला, आणि हृदय कमकुवत झालेल्यांचं आयुष्य वाढतं, मधुमेहींची मूत्रपिंडं जपली जातात, हे सिद्ध करणाऱ्या १९९० च्या दशकातल्या मोठ्या चाचण्यांपैकी काही खुद्द कॅप्टोप्रिलवर झाल्या.

गंधकाची ही युक्ती एका औषधावर थांबली नाही. फ्रान्समध्ये बर्नार रोक यांच्या गटाने ग्लायसिन या सगळ्यांत साध्या अमिनो आम्लाला गंधकाची साखळी जोडून थायॉर्फन बनवला. तो जस्ताच्याच दुसऱ्या एका एन्झाइमला रोखतो. त्याचं तोंडाने घ्यायचं रूप म्हणजे रेसेकॅडोट्रिल. लहान मुलांच्या जुलाबांवर डॉक्टर त्याची पुडी देतात, आपल्या प्रत्येक मेडिकलमध्ये ती मिळते. त्यात गंधकावर ॲसिटाइलचं झाकण असतं, आम्ही कारखान्यात ठेवायचो तेच. ते शरीर स्वतः काढतं आणि मग गंधक कामाला लागतो.

सध्या माझं सगळ्यांत जास्त लक्ष आहे ते एनडीएम-१ वरच्या कामाकडे. हे जंतूंचं एन्झाइम. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या नमुन्यात सापडलं म्हणून दिल्लीचं नाव त्याला चिकटलं. आपल्या शेवटच्या फळीतली कार्बापेनेम अँटिबायोटिक्स ते फोडून टाकतं, आणि तेही जस्ताच्या जोरावर. कॅप्टोप्रिल आणि त्याचे वेगळ्या आकाराचे भाऊबंद प्रयोगशाळेत त्याला रोखतात, क्ष-किरणांच्या चित्रांत गंधक जस्ताला धरून बसलेला दिसतो. औषध मात्र अजून झालेलं नाही. थायॉल शरीरात लवकर ऑक्सिडाइज होतो आणि जंतूंच्या जस्ताबरोबर आपल्याही एन्झाइमांच्या जस्ताला धरतो. जंतूंचं जस्त ओळखेल आणि आपलं सोडून देईल असा गंधकाचा रेणू रचणं हेच आताचं काम आहे. आपल्या विद्यापीठांतल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यात उतरावं असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीची रसायनं स्वस्त आहेत, प्रश्न आपल्याच इस्पितळांतला आहे, आणि फ्यूम हूड चांगला असला तर वासाची सवय होते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरात नाव 'प्रिल'ने संपणारी गोळी असेल. कॅप्टोप्रिल असेल तर ती जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी घ्यायची, अन्नासोबत ती कमी शोषली जाते. गोळ्या पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका. दमट हवेत त्या गंधकाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. या कुळातल्या औषधांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. त्याचं कारणही तेच ब्रॅडिकायनिन असावं असं मानतात. खोकला लागला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या गटातलं औषध देतील. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर थांबू नका, लगेच इस्पितळ गाठा. आणि दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ही गोळी चालत नाही, गर्भाला अपाय होतो, डॉक्टरांना आधीच कल्पना द्या.